सालं काढून, बारीक वाटा

मात्र्यांचं आडनाव मात्रे नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्या आडनावाची खरीखुरी माणसं उगाच रागवायची. हा माणूस एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. आता दिवसभर चुका काढायचा पगार मिळत असेल, तर माणूस घरी येऊन त्याच चुका फुकट काढणारच! मित्रांनी त्यांचं नाव ठेवलं 'काना-मात्रा'. वापरून वापरून त्यातला काना झिजला, आणि उरले ते मात्रे.

लेखनातल्या चुका लोक एक वेळ सोसतात, पण स्वयंपाकातल्या? मात्र्यांची जेवायची एक रीत होती. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे, सगळ्यांचे घास हातातल्या हातात थांबेपर्यंत मिटलेलेच ठेवायचे, आणि मग म्हणायचं, "छान झालंय. फक्त..." ह्या 'फक्त'ला चार घरं टरकून होती. 'फक्त'च्या पुढे काय येईल ह्याचा नेम नसे. मीठ येई, बटाट्याच्या फोडींचा आकार येई, 'अर्धा मिनिट आधी उतरवायला हवं होतं' येई. एकदा तर त्यांनी पाण्यालाही 'फक्त' लावला होता. "पाणी छान आहे. फक्त पेला बदला."

चार घरं म्हणजे चार मित्रांची. महिन्यातून एका रविवारी आळीपाळीनं एकाच्या घरी जेवायचं, गप्पा मारायच्या, आणि घरी जाताना 'यांच्याकडे आपल्यापेक्षा बरं असतं' असं बायकोला न म्हणता नुसतं मनात ठेवायचं, असा साधा रिवाज. त्या महिन्यात पाळी वकिलांची होती. वकीलवहिनींनी सकाळपासून खपून सूप केलं होतं. मात्र्यांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. उघडले.

"छान झालंय," मात्रे म्हणाले, "फक्त ह्याला सूप म्हणावं की नाही, एवढाच प्रश्न आहे."

वहिनींनी डाव खाली ठेवला. आवाज फार झाला नाही, पण वकिलांना तो कोर्टात हातोडा आपटल्यासारखा ऐकू आला असावा. ते उठूनच उभे राहिले.

"मात्रे, आयुष्यात स्वतःच्या हातानं कधी काही केलंयत?"

"चहा करतो की."

"त्यात दूध मी घालते, साखर मी घालते," मात्र्यांची बायको म्हणाली. "हे गॅस बंद करतात."

हशा पिकला. मात्र्यांचे कान लाल झाले. आणि माणसाचे कान लाल झाले की त्याची जीभ सुटते, हा नियमच आहे. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? पुढच्या महिन्याच्या रविवारी पाळी आमची. मी एकटा करतो सगळा स्वयंपाक!"

वकिलांनी तिथल्या तिथे अटी घातल्या. शनिवार संध्याकाळपर्यंत बायकोला फोनवर काय ते विचारायचं. त्यानंतर तिनं चकार शब्द काढायचा नाही आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. पातेलं रिकामं झालं पाहिजे. मैत्रीखातर चार घास गिळले, हे चालणार नाही. रिकामं झालं, तर मात्र्यांनी जन्मभर खुशाल बोलावं, कुणी हूं की चूं करणार नाही. नाही झालं, तर आजपासून मरेपर्यंत कुणाच्याही ताटावर बसून एकच शब्द उच्चारायचा. 'छान.' आणि त्यापुढे पूर्णविराम.

पूर्णविराम! मुद्रितं तपासणाऱ्याला ह्याहून मोठी शिक्षा नाही. मात्र्यांच्या अंगावर काटा आला. त्यांच्याजवळ जगात दुसरं होतं काय? गाडी नव्हती, गळा नव्हता, पत्ते खेळायला बसले तर भिडू मिळत नसे. होती ती एक चोखंदळ जीभ.

"कबूल आहे का?" वकिलांनी विचारलं.

"कबूल!" मात्र्यांची बायको म्हणाली. इतक्या झटकन तिनं लग्नालाही होकार दिला नव्हता.

ती बहिणीकडे गेली ती आनंदानं गेली. जाताना रस्सा कसा करायचा ते तिनं त्यांच्याकडून तोंडी घोकून घेतलं होतं. बटाटे, वाटाणे, फ्लॉवर, गाजर यांचा रस्सा आणि भात. चूक करायला जागाच नको, म्हणून इतकं साधं. शनिवारी दुपारी मात्र्यांनी शेवटची शंका विचारायला फोन केला.

"भाज्या आणल्यात?" तिनं विचारलं.

"आणल्या."

"आणि ताईच्या बागेतलं आलं-लसूण पिशवीत आहे ना, ते आजच वाटून टाका. उद्या सकाळी तारांबळ उडेल."

"सगळं?"

"सगळं. ठेवून काय करायचंय? कोंब येतील. आणि हे बघा, सालं काढून, बारीक वाटा. तुम्ही म्हणजे कसंही वाटाल."

"कसंही का वाटीन? नीट वाटीन."

"आणि वाटताना पाणी जास्त घेऊ नका. ठेवते, ताई हाक मारतेय."

आता हसू नका. त्या घरात ताईच्या बागेतून जे जे आलं, ते ते आजवर वाटलंच गेलं होतं. लिंबं आली, इमारतीत वाटली. पपया आल्या, वाटल्या. एकदा भोपळा आला होता, तर तोही कापून कापून वाटला. 'ताईच्या बागेतलं वाटून टाका' ह्या वाक्याला मात्र्यांच्या कानी एकच अर्थ होता, आणि तो त्यांनी इमानदारीनं घेतला. स्वयंपाकात काही वाटावं लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फ्रिजमध्ये एक बरणी असते आणि ती भरलेलीच असते, इतपत त्यांची माहिती. ही पिशवी त्याच बरणीची बेगमी आहे, हे त्यांना कोण सांगणार?

सालं काढून द्यायची, हे त्यांना जरा जास्तच वाटलं. पण बायकोची रीतच तशी. द्यायचं ते नीटनेटकं द्यावं, समोरच्याला कष्ट नकोत. आणि 'बारीक वाटा' म्हणजे वाटे लहान लहान करायचे, म्हणजे कुणी वगळलं जाणार नाही. ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

मग मात्रे लसूण सोलायला बसले. ज्यांनी कधी पिशवीभर लसूण सोललेला नाही, त्यांना त्या दुपारची कल्पना यायची नाही. नखं दुखली, डोळे चुरचुरले, कानामागे खाजवलं तर तिथेही आग. पण मात्रे हटले नाहीत. जुन्या मुद्रितांच्या कागदाच्या त्यांनी पुड्या केल्या. प्रत्येक पुडीत सोललेल्या लसणाच्या चार पाकळ्या आणि अंगठ्याएवढं आलं. सगळ्या सारख्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. मग स्वच्छ शर्ट घालून ते बाहेर पडले.

पहिलं दार समोरच्या काकूंचं.

"काय हो मात्रे?"

"आलं आणलंय."

"कोण आलंय?" काकूंनी जिन्याकडे वाकून पाहिलं.

"कोणी नाही. आलं. आणि लसूण. हिनं वाटायला सांगितलंय."

काकूंनी पुडी उघडली, हुंगली, मिटली. "या, पाणी घ्या."

"नको. पाणी जास्त घेऊ नका म्हणून सांगितलंय."

"अगं बाई! डॉक्टरांनी?"

"छे, हिनं."

काकूंनी दार लोटलं ते काळजीच्या चेहऱ्यानं. पुढच्या तासाभरात इमारतीत बातमी पसरली, की मात्र्यांच्या मूत्रपिंडाचं काहीतरी झालंय, आणि बायको धीर सुटून माहेरी गेलीय. बहिणीकडे गेली होती हो! पण बातमीला पाय फुटले की ती कुणाच्याही माहेरी जाते.

वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहत. त्यांनी पुडी उघडली आणि आतल्या चार पांढऱ्या पाकळ्या पाहून धंद्याच्या सवयीनं विचारलं, "फार दुखत होते का?" मात्र्यांनी लसूण आहे म्हणून सांगितल्यावर डॉक्टर अधिकच गंभीर झाले. रोग्यांच्या तोंडाला वास येतो हे ठीक. पण हा शेजारी आपल्याला काही सुचवत तर नाही? मात्रे वळताच त्यांनी तळहातावर फुंकर मारून पाहिली.

शेजारच्या दाराआड निवृत्त कॅशियर होते. त्यांनी अंगठा ओला करून पाकळ्या मोजल्या, उलट्या बाजूनं पुन्हा मोजल्या.

"चारच?"

"बारीक वाटायला सांगितलंय."

"हरकत नाही. हिशेब जुळला म्हणजे झालं," कॅशियर म्हणाले आणि पुडी वरच्या खिशात ठेवून त्यांनी खिशाचं बटण लावलं.

असं करत करत मात्रे तळमजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात पोचले. इथे प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. पुढच्या आठवड्यात सोसायटीची निवडणूक होती. सेक्रेटरी आजवर दर खेपेला बिनविरोध निवडून आले होते. त्याचं कारण, ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पण सेक्रेटरींना ते आपल्या लोकप्रियतेमुळे आहे असं वाटे. अशा माणसाच्या दारात निवडणुकीच्या तोंडावर कुणी पुड्यांनी भरलेली पिशवी घेऊन उभं राहिलं, तर त्यानं काय समजावं?

"घरोघरी वाटताय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"घरोघरी. कुणाला वगळायचं नाही."

"कुठलं पॅनल?"

"कसलं पॅनल? मी एकटाच वाटतोय."

"म्हणजे अपक्ष!" सेक्रेटरी दाराची चौकट धरून म्हणाले. "मात्रे, इमारतीत काहीही वाटायचं झालं तर कमिटीची परवानगी लागते. अर्ज केलात?"

"लिंबं वाटली तेव्हा कुठे केला होता?"

"तेव्हा निवडणूक नव्हती. आता तुम्ही अर्ज करा, मी तो कमिटीपुढे ठेवतो, कमिटी बसेल पुढच्या महिन्यात. तोवर वाटप बंद!"

"पण माझं वाटून झालंय. ही शेवटची पुडी तुमची."

सेक्रेटरींनी पुडीकडे असं पाहिलं, की जणू तिच्यात सुरुंग आहे. पण घेतली. फुकटची वस्तू नाकारणं त्यांच्याही जिवावर आलं असावं.

मात्रे घरी आले, हात धुतले, आणि कर्तव्य पार पाडलेल्या माणसासारखे गाढ झोपले.

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तो सूचनाफलकाजवळ घोळका. फलकावर सेक्रेटरींच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं: 'इमारतीत कोणीही विनापरवाना काहीही वाटण्यास सक्त मनाई आहे.' मात्र्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. 'परवाना' नको, 'परवानगी' हवं. 'सक्त'ची गरज नाही. इतक्यात मागून समोरच्या काकूंचा आवाज आला.

"म्हणजे काय? आता घरात मसालासुद्धा वाटायचा नाही का? ह्या सेक्रेटरीच्या परवानगीनं मिक्सर लावू?"

सगळे हसले. मात्रेही हसले. हसता हसता थांबले. मसाला... वाटायचा... सालं काढून... बारीक वाटा... पाणी जास्त घेऊ नका.

"अरे देवा!" मात्रे म्हणाले आणि फलकाला टेकले.

जन्मभर दुसऱ्यांच्या शब्दांवर लाल शाईनं गोल काढणारा माणूस, आणि त्याला 'वाटणे' ह्या तीन अक्षरी शब्दानं भर जिन्यात उताणा पाडला! काकू घाबरल्या. "काय वाटलं हो तुम्हाला?"

"लसूण!" मात्रे कळवळून म्हणाले. "मला वाटलं वाटायचं म्हणजे वाटायचं. पण हिला वाटायचं होतं. आणि मी वाटून टाकलं!"

काकूंना मूत्रपिंडाचा आजार डोक्यात चढल्यासारखं वाटलं. मग हळूहळू उलगडा झाला, आणि काकू जिन्याच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांनी ते जास्त घेतलं.

पण मात्र्यांना हसू कुठलं? मंडळी दुपारी येणार. कोपऱ्यावरचं भाजीचं दुकान रविवारी बंद. बाजार पुलापलीकडे, जाऊन येईपर्यंत जेवणवेळ टळायची. बायकोला विचारण्याची सोय नाही. घरी येऊन त्यांनी बरणी पाहिली. चाटूनपुसून रिकामी. आणि जाताना बायको बजावून गेली होती, "त्या बरणीतलं पडलं नाही तर रस्सा म्हणजे नुसत्या पाण्यात पोहायला सोडलेले बटाटे." वकिलांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. 'छान' आला. पूर्णविराम आला.

एकच उपाय होता, आणि त्यात अब्रूचा पार चुराडा होता. काल वाटलेलं आज परत मागायचं.

मात्र्यांनी वाटी घेतली. समोरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बेल वाजवायच्या आधी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा काकूंनीच दार उघडलं.

"काकू, कालचं ते... लाज वाटतेय हो सांगायला..."

"आता लाज पण वाटायला लागली का? थांबा!" काकू आत गेल्या आणि वाटी भरून घेऊन आल्या. हिरवंगार वाटण. "काल तुम्ही वाटलंत, म्हणून मी वाटलं. हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलीय. आमच्याकडे असंच करतात."

"पण ह्यात मिरची..."

"घ्या मुकाट्यानं!"

मात्र्यांनी मुकाट्यानं घेतलं.

डॉक्टरांकडे वाटण तयारच होतं. त्यांच्या आईनं त्यात मिरी आणि भाजलेले तीळ घातले होते. डॉक्टरांनी फक्त एक विचारलं, "मात्रे, खरं सांगा, माझ्या तोंडाला वास येतो का?" मात्र्यांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे वाटी हाती पडली. कॅशियरनी चारही पाकळ्या कुंडीत लावल्या होत्या. त्यांनी त्या चमच्यानं उकरून काढल्या, धुतल्या, मोजल्या, आणि म्हणाले, "आता आपल्या समोरच वाटून देतो. म्हणजे नंतर तक्रार नको." कुणी शेंगदाण्याबरोबर वाटलेलं दिलं, कुणी भाजलेल्या कांद्याबरोबर, कुणी सुक्या मिरचीबरोबर. ज्यांनी अजून वाटलं नव्हतं त्यांनी मिक्सर लावला. रविवारच्या सकाळी सगळ्या इमारतीत मिक्सरांची घरघर सुरू झाली, आणि ती ऐकून तळमजल्यावरचे सेक्रेटरी बाहेर धावले.

"बंद करा! वाटण्यास मनाई आहे!"

"कुठल्या वाटण्यास?" वरून काकूंनी ओरडून विचारलं.

सेक्रेटरी बुचकळ्यात पडले. समोर मात्रे उभे, दोन्ही हातांत वाट्या.

"सेक्रेटरीसाहेब, कालची पुडी परत द्याल का?"

"परत?" सेक्रेटरींनी विचारलं. "परत मागताय? घरोघरी?"

"घरोघरी. माझं चुकलं. मला वाटायचं नव्हतं."

सेक्रेटरींचे डोळे पाणावले. "मात्रे," ते म्हणाले, "वाटणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले. वाटलेलं परत मागणारा माणूस पहिल्यांदा पाहतोय. काय हा सज्जनपणा! माघार घेतलीत म्हणायची?"

"घेतली," मात्रे म्हणाले. त्या घटकेला लसणापायी ते राज्यसुद्धा सोडायला तयार होते.

सेक्रेटरींनी पुडी तर दिलीच, वर घरातून वाटीभर दही आणून दिलं. म्हणाले, "ह्याला परवानगी लागत नाही."

मात्रे घरी आले. ओट्यावर वाट्यांची रांग लागली. हिरवी, पिवळी, तांबडी, करडी, एकीचा दुसरीशी मेळ नाही. मुद्रित तपासणाऱ्याच्या नजरेला ते म्हणजे एका ओळीत सात तऱ्हेचे टाइप. दुसऱ्या कुणी असा प्रकार केला असता, तर मात्र्यांनी 'फक्त' लावून लावून त्याला घर सोडायला लावलं असतं. पण आता निवडायला वेळ नव्हता. कांदा तेलात पडला होता, त्याच्या काही फोडी सोनेरी आणि काही कोळशाच्या रंगाच्या झाल्या होत्या. मात्र्यांनी डोळे मिटले. ह्या खेपेला घास तोंडात नसताना मिटले. आणि सगळ्या वाट्या एका पाठोपाठ एक पातेल्यात पालथ्या केल्या.

चर्र झालं. मग वास उठला.

त्या वासाचं वर्णन मी काय करू? तो आधी मात्र्यांच्या नाकात गेला आणि मात्रे दोन पावलं मागे सरले. मग तो खिडकीतून बाहेर पडला, जिन्यानं वर गेला, खाली गेला, आणि प्रत्येक घरात आपापल्या वाटणाची ओळख सांगत फिरला. बटाटे पडले, वाटाणे पडले, फ्लॉवर पडला. भात खाली किंचित लागला, पण मात्र्यांनी वरचा वर काढून घेतला. आपल्या हातून काहीतरी होतंय, आणि ते बरं होतंय, ह्या विचारानं त्यांची छाती भरून आली होती. एकटे होते म्हणून त्यांनी पातेल्याला शाबासकीही दिली. त्यात हात भाजला, पण त्याचं काही विशेष नाही.

दुपारी मंडळी आली. वकील, वकीलवहिनी, बाकीची दोन्ही जोडपी, आणि त्यांच्या मागून बायको. ती दारातच थबकली. नाक वर करून तिनं वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मात्र्यांना नीट वाचता आलं नाही.

जेवणं सुरू झाली. पहिल्या घासाला कुणी बोललं नाही. दुसऱ्यालाही नाही. मात्रे डाव हातात घेऊन उभे, कपाळावर घाम. तिसऱ्या घासानंतर वकीलवहिनींनी ताट पुढे केलं. "अजून वाढा." वकील काही न बोलता भात कालवत होते, आणि ज्या वेगानं कालवत होते तो शत्रुपक्षाच्या वकिलाला शोभणारा नव्हता.

एवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात वाटी. "म्हटलं बघावं तरी, आमची मिरची कशी लागतेय." त्यांच्या मागे डॉक्टर आणि त्यांची आई. मग कॅशियर. "माझ्या चार पाकळ्या गुंतल्यात ह्यात," ते म्हणाले. मग बाकीची इमारत. सगळ्यात शेवटी, जणू सहज म्हणून, सेक्रेटरी. प्रत्येकाच्या हातात वाटी. मात्रे वाढत सुटले. माणसं जिन्यात बसून, कठड्याला टेकून, उभ्या उभ्या खात होती, आणि 'हा तीळ आमचा', 'तो तिखटपणा आमचा' म्हणून भांडत होती. बघता बघता डाव पातेल्याच्या बुडाला लागला.

"पातेलं रिकामं!" वकीलवहिनी ओरडल्या.

"थांबा!" वकील हात पुसत उठले. "हरकत आहे. अट होती, मात्रे एकटे स्वयंपाक करतील. ह्यात तर सगळ्या इमारतीचा हात दिसतोय. हे काय गौडबंगाल आहे?"

आता मात्र्यांना सांगावं लागणार. त्यांनी सांगितलं. पुड्या, पाकळ्या, पाणी, पॅनल, सगळं. सांगता सांगता मान खाली गेली. खोली हसून हसून लोळत होती. बायको मात्र हसत नव्हती. ती पुढे आली आणि वकिलांसमोर उभी राहिली.

"वकीलसाहेब, मी काय सांगितलं होतं? आलं-लसूण वाटून टाका. त्यांनी वाटलं की नाही?"

"वाटलं, पण..."

"सालं काढून?"

"हो, पण..."

"बारीक?"

"बारीक," कॅशियरनी साक्ष दिली. "चारच पाकळ्या होत्या."

"पाणी जास्त घेतलं?"

"घोटभरही नाही!" काकू म्हणाल्या.

"मग माझ्या नवऱ्याची चूक दाखवा," बायको म्हणाली. "आहे का कुठे काना-मात्रेची तरी?"

वकील खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते बिनशर्त हरले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरींनी सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. इतकी वर्षं ज्या बाईच्या हाताला मात्रे नावं ठेवत आले, ती भर सभेत त्यांच्या बाजूनं उभी राहिली होती. त्यांना एकदम फार भरून आलं आणि तितकीच भूकही लागली.

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मात्रे जेवलेलेच नाहीत. वाढण्याच्या नादात त्यांनी थेंबसुद्धा चाखला नव्हता. बायकोनं पातेलं पुढे ओढलं, कडेला चिकटलेल्या रश्श्यात भाताचं शेवटचं ढेकूळ फिरवून फिरवून पुसून घेतलं, आणि तो एवढासा गोळा त्यांच्या ताटात ठेवला.

"बोला मात्रे," वकील म्हणाले. "जिंकलात. आता तुम्हाला जन्मभर कोण अडवणार? होऊन जाऊ द्या."

जिन्यातली माणसं दारात डोकावली. मात्र्यांनी घास घेतला. डोळे उघडेच होते. चावला, गिळला. दुसरा घेतला. बोटं चाटली. ताटात काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि ताट बायकोपुढे धरलं.

"अजून आहे का गं?"

बायकोनं पातेलं उलटं करून दाखवलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"नाही हो. हवं असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा करा."

"करतो की!" मात्रे म्हणाले.